दर्यालक्ष्मीचे इंजिन

२९ जुलै १९६२, रविवार

स्वस्ति श्री. व्याकरणारण्यकेसरी, विद्यासागराच्या तीरी केवळ शिंपले वेचणारे, कुलाबामंडलान्तर्गत किहीमपरिसरभूषण, गळक्या वर्गाचे छत्रपती (छत्री एकच, तीही वर्गातच उघडावी लागते), मच्छीमार सहकारी सोसायटीचे मानद, अर्थात बिनपगारी, सचिव, मत्स्यगंधसहिष्णु, जलभीरु, एकपत्नीशासित श्रीमंत त्र्यंबकशास्त्री ऊर्फ नुसते ‘मास्तर’ यांच्या दैनंदिनीस आज प्रारंभ होत आहे. वाचकांनी उभे राहावे. वाचक मी एकटाच असल्यामुळे बसूनही चालेल.

प्रारंभाचे कारण असे की, सरकारी योजनेतून सोसायटीस मचव्यावर बसवायचे पहिले डिझेल इंजिन मिळाले. ते कोणी घ्यावे, यावर सभा झाल्या आणि प्रत्येक सभेत प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले. अखेर नीराबाई ‘व्हय’ म्हणाल्या. नीराबाई विधवा. मचवा एकच, दर्यालक्ष्मी. मुलगा एकच, अनंता, आणि तोच मचवा हाकणारा तांडेल. त्यांचे मन वळवण्यासाठी मी केलेले भाषण संस्मरणीय होते. त्यात मी वाऱ्याला ‘रुसका जावई’ आणि इंजिनाला ‘उलट न बोलणारी सून’ म्हटले. नीराबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि कार्यभाग झाला.

आज गुणाजी सुताराने मचव्याची डोलकाठी उतरवून तिचे उभे दोन भाग केले व इंजिनाखालची बैठक घडवली. कल्पना माझी. नव्या लाकडाची वाट पाहिली असती तर हंगाम हुकला असता. शिवाय इंजिन असता डोलकाठी ही निवृत्त नटाच्या मिशांसारखी, केवळ पूर्ववैभवाची खूण. करवत चालू होताच नीराबाई किनाऱ्यावरून उठून गेल्या. ती डोलकाठी त्यांच्या यजमानांनी आणली होती म्हणे. आभाळ भरलेले होते; तरी त्यांना ऊन लागले असावे.

१ ऑगस्ट

मुंबईच्या फिटराने इंजिन घट्ट बसवले, हँडल मारून दाखवले आणि परतीची लाँच गाठली. आज मचवा पाण्यात उतरायचा. त्यापूर्वी येथे एक विधी असतो. मालकीण आणि सुतार मिळून सबंध मचव्यावरून तळहात फिरवतात. बोट जेथे अडेल तेथे कापूस कोंबायचा, वर तापलेली राळ ओतायची. एकही भोक राहता कामा नये. या कर्मात मंत्र नाहीत, परंतु गांभीर्य आमच्या उपनयनाहून अधिक.

सर्व झाल्यावर गुणाजी डिझेलच्या टाकीपाशी थबकला.

“मास्तर, ह्या झाकनाला भोक हाय.”

“केवढे?”

“सुई जाल इतकं.”

“फिटर काही बोलला?”

“त्यो जेवनाबद्दल बोलला. भोक ठेवून मचवा मी पान्यात न्हाय सोडनार. माझ्या बापानं न्हाय सोडला.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. सचिव या नात्याने मी निर्णय दिला: छिद्र म्हणजे दोष, वरून लाट आली तर त्यातून खारे पाणी इंधनात शिरणार, सबब बुजवावे. गुणाजीने राळेचा थेंब सोडून अंगठ्याने इतका गुळगुळीत केला की छिद्र कोठे होते ते त्याचे त्यालाही सांगता येईना. नीराबाईंनी त्यावरून तळहात फिरवून मान डोलावली. उत्तम.

४ ऑगस्ट

खाडीत पहिली फेरी. इंजिनाने असा घोष केला की बगळे उडाले आणि मुख्याध्यापकांनी खिडकी लावून घेतली. मी काठावर उभा राहून एक श्लोक म्हटला. तो कोणाला ऐकू आला नाही. भाताला आधण यावे इतक्या वेळाने घोष मंदावला, इंजिन दोनदा खोकले आणि बंद.

डिझेल संपले असावे म्हणून अनंताने झाकण उघडले. डिझेल पुष्कळ होते. झाकण लावून हँडल मारले, सुरू. पुन्हा तितकाच वेळ, पुन्हा खोकला, पुन्हा समाधी.

“सुनेला दम लागतोय मास्तर,” अनंता म्हणाला. खलाशी हसले. उपमा माझीच असल्यामुळे मला हसता आले नाही.

६ ऑगस्ट

इंजिन बंद पडले की प्रथम टाकी पाहायची आणि मग उपाय करायचा, अशी आता पद्धतच पडली आहे. चमत्कार हा की प्रत्येक उपाय लागू पडतो. अनंताने पाण्यातल्या पंख्यात अडकलेले शेवाळ काढले, सुरू झाले. एका खलाशाने लिंबू उतरवले; सुरू झाले. नीराबाईंनी पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलला, सुरू झाले. मी छत्रीच्या टोकाने इंजिनाच्या कानशिलात दिली. तरी सुरू झाले. आणि प्रत्येक वेळी, भाताला आधण येईतो, पुन्हा बंद.

तर्कशास्त्रात अशा ठिकाणी मोठी पंचाईत होते. ज्या रोगाला सर्व औषधे लागू पडतात त्याला औषधच नसते.

आणखी एक विपरीत गोष्ट नोंदवून ठेवतो. टाकी काठोकाठ भरली की बया लवकर बंद पडते. अर्धी असली की अधिक वेळ चालते. भरल्या पोटी आळस, हे मी माझ्या वर्गात रोज पाहतो, परंतु लोखंडाकडून ही अपेक्षा नव्हती.

८ ऑगस्ट

तारेवर तार केल्यावर फिटर आला. प्रथम झाकण उघडून आत डोकावला, उघडे झाकण बाकावर ठेवून दिले आणि इंजिन सुरू केले. चालू इंजिनाशेजारी बसून त्याने आमच्या घरचा सबंध डबा संपवला, वर विडी ओढली. इंजिन चालतच राहिले. मला वाटले, आता खोकेल, मग खोकेल. वैद्य दारात आला की ताप उतरणारी मुले असतात, तसे ते निर्लज्जपणे धडधडत होते.

“मशिनात काही नाही,” फिटर हात पुसत म्हणाला. “चालवणाऱ्याची भीती आहे ती. तुमच्या तांडेलाला सांगा, घाबरू नको.”

अनंताची मान खाली गेली. वादळात शीड फाटले असता दात-ओठ चावून मचवा घरी आणणारा हा मुलगा. त्याला बाकीच्या खलाशांसमोर भित्रा ठरवले गेले, आणि मी “बरोबर, बरोबर” म्हणालो. फिटराला लाँच गाठायची होती, एवढेच माझे समर्थन. निघताना त्याने झाकण जागेवर घट्ट बसवून दिले. शिस्तीचा माणूस.

९ ऑगस्ट

पुन्हा बंद पडले.

११ ऑगस्ट, शनिवार

अक्षराकडे दुर्लक्ष व्हावे.

अनंता सकाळी म्हणाला, “खाडीत गोल गोल फिरून काय कळनार? मुखापर्यंत नेतो. मास्तर, तुमी चला. फिटर म्हनतो मी घाबरतो. तुमी डोल्यांनी बघा.” शाळा अर्ध्या दिवसाची होती. नाही म्हणायला कारण उरले नाही. जलभीरुत्व हे कारण सचिवाला शोभत नाही.

टाकी काठोकाठ भरली होती. खाडीच्या मुखाशी, जेथे ओहोटीचे पाणी खडकांच्या मधून समुद्राकडे ओढ घेते, नेमके तेथे इंजिन खोकले आणि थांबले. त्यानंतर जी शांतता झाली तिचे वर्णन करणारा शब्द मला माहीत असलेल्या कोणत्याही कोशात नाही. पाणी तेवढे बोलत होते.

टाकी पाहायला आज कोणी थांबले नाही. वेळच नव्हता. अनंता हँडल मारीत होता, मारीत होता, इंजिन ढिम्म. मचवा प्रवाहाला आडवा झाला आणि खडकांकडे सरकू लागला. एका खलाशाने सवयीने वर पाहिले, शिडाची दोरी धरायला हातही वर नेला. वर काही नव्हते. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. खाली, इंजिनाच्या पोटाखाली, ती डोलकाठी होती, दोन तुकडे झालेली.

“नांगर!” अनंता ओरडला. नांगर टाकला, तो घसरत गेला, घसरत गेला, आणि कोठेतरी अडकला. मचव्याची मागची बाजू खडकाला एकदा घासली. तो आवाज माझ्या दातांत अजून आहे. ओहोटी सरेपर्यंत आम्ही तसेच दोरीवर लोंबकळत राहिलो. पाणी स्थिरावल्यावर अनंताने झाकण उघडून पाहिले. डिझेल पुष्कळ. हँडल मारले आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले, जणू काही घडलेच नव्हते.

परतताना मी एक विनोद केला. तो काय होता ते लिहीत नाही.

१२ ऑगस्ट

नीराबाई आल्या. घरात न येता पायरीवरच बसल्या.

“मास्तर, ते इंजिन काढा.”

मी म्हटले, “नीराबाई, काढता येईल, परंतु डोलकाठी नाही. नवी मिळेतो दिवाळी होईल. इंजिन नाही, शीड नाही, तर मचवा हंगामभर वाळूवर राहील.”

“ऱ्हाऊंदे.”

“आणि तुम्ही काय खाल?”

“खाऊ दुसऱ्याची मासली साफ करून. पोरगा तर ऱ्हाईल.” मग म्हणाल्या, “त्यो न्हाय ऐकनार. त्याला भित्रा म्हटलंत ना. आता त्यो मोडक्या इंजिनावर बी जाईल. पुनव झाली की सगले मचवे जानार, त्यो मागं न्हाय ऱ्हानार.”

मी म्हटले, भित्रा फिटर म्हणाला. त्या म्हणाल्या, “व्हय, फिटरच म्हनला,” आणि उठून गेल्या. आमच्या कुटुंबाने आतून विचारले, “चहा न घेता गेल्या?” मी म्हटले, घाईत असतील.

१४ ऑगस्ट, मंगळवार

उद्या नारळी पौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी. सागर आणि राष्ट्र या दोघांनाही सकाळी मीच लागतो.

अनंता दुपारी आला. शुक्रवारी पहाटे सर्वांबरोबर मचवा बाहेर काढणार, असे सांगायला आला होता, विचारायला नव्हे. मी त्याला बसवून अनुमान, व्याप्ती, कार्यकारणभाव यांच्या आधारे तीन शक्यता समजावून सांगू लागलो. तो माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघरात पाहत होता. तेथे आमचे कुटुंब नारळीभातासाठी नारळाचे पाणी काढीत होते. एक डोळा टोचून नारळ भांड्यावर उपडा धरलेला. पाणी थोडे आले, गुटगुट झाले, आणि थांबले.

“संपलं का वो काकू पानी?” अनंताने मला मध्येच तोडून विचारले.

“छे रे, भरलेला आहे. हलवून बघ.” तिने दुसरा डोळा टोचला. “वारा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर कसं येईल?” धार लागली.

अनंता उभा राहिला. चहाचा कप त्याने माझ्या पाणिनीवर ठेवला.

“मास्तर, टाकीच्या झाकनाचं भोक कुनी बुजवलं?”

“ते विधिपूर्वक बुजवण्यात आले,” मी म्हटले.

तो वहाणा न घालता धावत गेला. मी मागोमाग गेलो. किनाऱ्यावर त्याने शीड शिवायची सुई तापवून राळेत घातली आणि छिद्र मोकळे केले. मग टाकी काठोकाठ भरली, झाकण आवळले आणि नांगरलेल्या मचव्यावर इंजिन सुरू केले. गुणाजी आला, नीराबाई आल्या, अर्धा कोळीवाडा आला. आधण आले असते, भात शिजला असता, लोक जेवून उठले असते. इंजिन खोकले नाही. भरती आली आणि गेली, तरी चालूच.

म्हणजे सर्व उपाय लागू पडत होते, कारण प्रत्येक उपायाआधी आम्ही झाकण उघडीत होतो.

“माझ्याच हातनं बुजलं,” गुणाजी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. “माझी चूक.” मी काही म्हणणार होतो, परंतु इंजिनाचा आवाज फार होता. येथे एवढीच नोंद करतो की, सदर छिद्र बुजवण्याची क्रिया आणि इंजिनाचे थांबणे यांचा परस्परांशी अगदीच संबंध नव्हता, असे म्हणता येणार नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडा, सायंकाळी नारळ. दोन्हीकडे माझे भाषण. दुसरे मी अर्ध्यावर थांबवले. नीराबाई समोर उभ्या होत्या आणि हसत नव्हत्या.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

मचवे पहाटे गेले. शिडाचे पुढे, दर्यालक्ष्मी मागून. खाडीच्या मुखाशी तिने सर्वांना मागे टाकले. पोरांनी आरोळ्या दिल्या. मीही दिली असावी.

तिसऱ्या तासाला ‘रघुवंश’ शिकवताना एक विचार मनात आला आणि मी खडू खाली ठेवला. एक दोष सापडला म्हणजे तो एकटाच होता, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? नांगरलेल्या मचव्यावर इंजिन चालले, ठीक. तेथे लाटा नव्हत्या. मचवा खडकाला घासला त्या जागी गुणाजीने पाहिले का? पाहिले असेल. पंख्याचा दांडा वाकला नसेल ना? मी कोणालाच विचारले नाही. एक उत्तर मिळाल्याच्या आनंदात उरलेले प्रश्न मीच पुसून टाकले. फळ्यावरही मी नेहमी असेच करतो.

१८ ऑगस्ट

शिडाचे सर्व मचवे दुपारी परतले. दर्यालक्ष्मी नाही. त्यांनी तिला काल दुपारी पाहिले होते, दूर, आणखी बाहेर जाताना. दक्षिणेचा वारा सुटला आहे. इंजिन बंद पडले तर तो वारा मचव्याला कोठे नेईल, हे मी नकाशावर पाहिले. पाहायला नको होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. नीराबाई पालथ्या होडीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी उभा राहिलो. मी म्हटले, “इंजिनवाल्यांना लांबवर जाता येते, त्यामुळे उशीर होत असावा.”

“व्हय.”

“छिद्र तर मोकळे झाले आहे.”

“व्हय.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “मास्तर, तुमाला एक सांगू? मला त्या इंजिनातलं कायबी कललं नव्हतं. सभेत समदे गप व्हते, मी बी गप ऱ्हानार व्हते. तुमी सुनेचं बोललात. मालक गेल्यापासनं मी हसले नव्हते. हसले, आनि हसता हसता व्हय म्हटलं.”

मला दोन उत्तरे सुचली, दोन्ही चटकदार होती. ती तशीच घरी आणली.

१९ ऑगस्ट, रविवार

आवाज प्रथम नीराबाईंना ऐकू आला. आम्ही सर्व म्हणत होतो, काही नाही, वारा आहे. त्या उठून पाण्याच्या कडेला गेल्या. मग मलाही ऐकू आला: तोच असंस्कृत, बेसूर, अखंड घोष.

दर्यालक्ष्मी इतकी खोल बसली होती की पाण्याची रेघ वरच्या फळीला लागली होती. अनंता उभ्यानेच ओरडला, “आये, इंजिन न्हाय थांबलं! आमीच थांबलो! घोल मासली लागली व्हती, सोडून कसं येनार?”

नीराबाई पाण्यात शिरल्या. त्याला मचव्यावरून खाली ओढून पाठीत एक असा धपाटा घातला की खलाशांनी तोंडे फिरवली. मग त्याच हाताने पाठ चोळीत राहिल्या. गुणाजी मचव्याच्या मागच्या फळ्यांवरून बोट फिरवत गेला आणि “भोक न्हाय,” म्हणाला. मी त्याला म्हटले, “गुणाजी, उद्याच्या सभेत मला त्या छिद्राविषयी बोलायचे आहे.” तो म्हणाला, “तुमी तर दर सभेत बोलता मास्तर.”

मी घरी आलो तेव्हा कुटुंबाने माझ्याकडे आपादमस्तक पाहून विचारले, “कमरेपर्यंत भिजायला तुम्ही कोठे गेला होतात?” मला नीट आठवत नाही. किनाऱ्यावर उभा होतो, एवढे खरे. उजवी वहाण मात्र खाडीच्या चिखलात कोठेतरी राहिली. डावी सुस्थितीत आहे, गेल्या चैत्रातच घेतलेली. वहाणा शिवणाऱ्याकडे निरोप पाठवला, तर तो म्हणतो, एक करून मिळणार नाही, जोडच घ्यावा लागेल. मी विचारले, मग या डावीचे काय करू? त्यावर तो म्हणतो, ते तुमचे तुम्ही बघा. उद्या शाळा आहे.